"निम्मा धूर" म्हणजे नेमका किती? कंटेनर कंपनीच्या वचनावरून एक पाठ



माझी शाळा उरण-पनवेल पट्ट्यातली. जिल्हा परिषदेची, रस्त्याला लागून. न्हावा-शेवा बंदराकडे जाणारे-येणारे ट्रेलर दिवसभर कुंपणाबाहेरून जातात. आमच्या मुलांना गाड्यांचे नंबर पाठ नसतील, पण कंटेनरवरची नावं पाठ आहेत. मधल्या सुट्टीत कठड्यावर बसून "माझा निळा, तुझा लाल" असा खेळ चालतो. त्यात एक राखाडी डबा नेहमी येतो. त्यावर निळ्या चौकोनात पांढरी, सात टोकांची चांदणी असते. मुलं त्याला "चांदणीवाला" म्हणतात. हा डबा मर्स्क या डॅनिश कंपनीचा.

दोन-तीन वर्षांपूर्वी परिसर अभ्यासात प्रदूषणाचा पाठ चालू होता. आदल्या दिवशीच मोबाइलवर एक बातमी वाचली होती. मुलांना ओळखीचं उदाहरण द्यावं म्हणून मी फळ्यावर लिहिलं, "ही कंपनी २०३० पर्यंत आपला धूर निम्मा करणार आहे." मुलं खूश, मीही खूश. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "बाई, म्हणजे तेव्हा डबे पण निम्मेच जाणार?"

मी म्हटलं, "नाही गं, डबे वाढतील उलट. व्यापार वाढतो ना."

"मग धूर निम्मा कसा होईल?"

मी काहीतरी उत्तर दिलं. खरं सांगायचं तर वेळ मारून नेली. घरी जाऊन कंपनीने काय म्हटलंय ते नीट वाचलं, तेव्हा लक्षात आलं की चूक माझी होती. तिथे "एकूण धूर निम्मा" असं नव्हतंच. "वाहून नेलेल्या प्रत्येक कंटेनरमागे ५० टक्के कमी" असं होतं. कंपनीने काही लपवलं नव्हतं. बातमी आखूड झाली आणि मी ती आणखी आखूड केली.

दुसऱ्या दिवशी फळ्यावरचं माझंच वाक्य मी मुलांसमोर दुरुस्त केलं. त्या दुरुस्तीतून जो पाठ तयार झाला तो पुढे देते आहे. पाचवी ते सातवीपर्यंत कुठेही घेता येईल. भूगोल, विज्ञान आणि शेकडेवारी असे तिन्ही विषय त्यात येतात.

१. आधी डब्याची ओळख

पूर्वी जहाजात माल भरायचा म्हणजे पोती, पेट्या, पिंपं एकेक करून हमाल चढवत. त्यातच दिवसच्या दिवस जात. २६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेत माल्कम मॅक्लीन या ट्रकवाल्या उद्योजकाने "आयडियल एक्स" नावाच्या जहाजावर ५८ मोठे डबे चढवून ते न्यूअर्कहून ह्यूस्टनला नेले. कल्पना साधी होती. माल हलवायचा नाही, मालाचा डबाच उचलायचा. तोच डबा ट्रकवर, रेल्वेवर आणि जहाजावर चालतो.

वीस फूट लांबीचा डबा हे मोजण्याचं एकक झालं. आमच्या रस्त्यावर बहुतेक चाळीस फुटी दिसतात, म्हणजे एकाचे दोन धरायचे. आजची मोठी जहाजं सुमारे ४०० मीटर लांब असतात. मुलांना हे नुसतं सांगून कळत नाही. मैदानावर १०० मीटरची धावपट्टी आखलेली असते, ती चार वेळा पळा म्हणावं. "एवढं एक जहाज" म्हटलं की तोंडं उघडी राहतात.

मर्स्कची सुरुवात १९०४ साली डेन्मार्कमधल्या स्वेनबोर्ग या छोट्या गावात झाली. आज मुख्यालय कोपनहेगनला आहे आणि सातशेच्या आसपास जहाजं आहेत. कंटेनर वाहतुकीत ती अनेक वर्षं जगात पहिली होती. २०२२ मध्ये एमएससी ही कंपनी तिच्या पुढे गेली. आपल्याशी संबंध म्हणाल तर न्हावा-शेव्यातलं गेटवे टर्मिनल्स इंडिया हे टर्मिनल याच समूहाच्या एपीएम टर्मिनल्सचं आणि आपल्या कंटेनर कॉर्पोरेशनचं भागीदारीतलं आहे. नाशिकची द्राक्षं थंड डब्यांतून नेदरलँड्सच्या रॉटरडॅमला निघतात ती या बंदरातूनच.

२. एक टन तेल, तीन टन वायू!

मोठी जहाजं बहुतांशी जड इंधन तेलावर चालतात. कच्च्या तेलातून पेट्रोल, डिझेल काढल्यावर खाली जे दाट, काळं उरतं, ते हे तेल. एक टन तेल जाळलं की सुमारे ३.१ टन कार्बन डायऑक्साइड तयार होतो.

इथे वर्गात एखादं तरी मूल म्हणतंच, "एक टनाचे तीन टन कसे होतील?" हा प्रश्न आला नाही तर आपण विचारावा. उत्तर असं की बाकीचं वजन हवेतून येतं. तेलात मुख्यतः कार्बन असतो. जळताना कार्बनचा प्रत्येक कण हवेतले ऑक्सिजनचे दोन कण पकडतो. १२ ग्रॅम कार्बनला ३२ ग्रॅम ऑक्सिजन चिकटतो आणि ४४ ग्रॅम वायू होतो. म्हणजे जवळपास पावणेचार पट. तेलात कार्बनबरोबर इतरही घटक असल्याने प्रत्यक्षात हिशेब ३.१ च्या आसपास येतो.

आता गुणाकार. मर्स्कची जहाजं वर्षाला साधारण एक कोटी टन इंधन जाळतात. मग वायू किती? मुलं लगेच सांगतील, तीन कोटी टनांहून जास्त. हा एका कंपनीचा आकडा झाला. जगातली सगळी जहाजं मिळून माणसाने केलेल्या एकूण उत्सर्जनाच्या जवळपास ३ टक्के उत्सर्जन करतात. हा आकडा संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या अभ्यासातला, २०१८ सालचा आहे.

पण इथे थांबलात तर मुलं "जहाज वाईट" असं लिहून मोकळी होतील. तसं होऊ देऊ नका. जगातला वजनाने ८० टक्क्यांहून जास्त व्यापार जहाजांतून होतो. एक टन माल एक किलोमीटर न्यायचा तर जहाजाचा धूर ट्रकपेक्षा खूप कमी असतो, आणि विमानापेक्षा तर कितीतरी पटींनी कमी. वाहन चांगलंच आहे. फक्त वाहून नेण्याचं सामान अफाट आहे. "प्रत्येकी" कमी पण "एकूण" जास्त, ही या पाठाची गोम इथूनच सुरू होते.

३. हळू चाला, तेल वाचवा

हा भाग गणिताच्या तासाला घ्या. जहाज पाणी कापत जातं. वेग वाढवला की पाण्याचा विरोध फार झपाट्याने वाढतो. साधारण नियम असा की लागणारी शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे बदलते.

जहाजाचा वेग नॉटमध्ये मोजतात. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. समजा एक जहाज २० नॉटने जातं आणि तासाला १०० भाग तेल पितं. वेग १६ नॉट केला, म्हणजे ०.८ पट. मग तासाचं तेल ०.८ × ०.८ × ०.८ म्हणजे ०.५१ पट. १०० चे झाले ५१!

मुलं टाळ्या वाजवतात. मग विचारा, "पण पोचायला वेळ जास्त लागेल ना?" लागेल. ८,००० सागरी मैलांचा प्रवास २० नॉटने ४०० तासांत होतो आणि १६ नॉटने ५०० तासांत. पहिल्या वेळी तेल ४०० × १०० = ४०,००० भाग. दुसऱ्या वेळी ५०० × ५१ = २५,५०० भाग. तरीही ३६ टक्के बचत.

२००८ च्या मंदीच्या आसपास मर्स्कने आणि मग इतरांनी हाच मार्ग धरला. २०१३ पासून मर्स्कने "ट्रिपल-ई" जातीची जहाजं आणली. प्रत्येकावर अठरा हजार डबे, आणि रचनाच मुळात कमी वेगासाठी केलेली. डिसेंबर २०१८ मध्ये कंपनीने सांगितलं की वाहून नेलेल्या मालाच्या मानाने आपण २००७ पासून कार्बन डायऑक्साइड ४६ टक्क्यांनी कमी केला आहे. हे खरोखर मोठं काम आहे, ते मोकळेपणाने मान्य करावं.

पण शब्द बघा, "मालाच्या मानाने". शिवाय जहाजं हळू चालली की तेवढाच माल वेळेवर पोचवायला जास्त जहाजं लागतात. त्यामुळे बचतीतला काही भाग तिकडे जातो.

४. वचन कसं वाचायचं?

आता मुख्य भाग. मी फळ्यावर हे उदाहरण मांडते.

समजा, गेल्या वर्षी आपल्या वर्गात २० मुलं होती. प्रत्येक जण आठवड्याला खाऊची ४ रिकामी पाकिटं टाकायचा. एकूण ८० पाकिटं. आपण ठरवलं, प्रत्येकाने निम्मी करायची. सगळ्यांनी वचन पाळलं, आता प्रत्येकी २ पाकिटं. पण यंदा दोन तुकड्या एकत्र झाल्या आणि मुलं झाली ४५. एकूण पाकिटं किती? ९०.

वचन पाळलं का? हो. कचऱ्याचा डबा हलका झाला का? नाही.

हे उदाहरण झाल्यावर मुलांना काही समजावून सांगावं लागत नाही. आता कंपनीची तीन वचनं कालक्रमाने मांडा.

पहिलं, डिसेंबर २०१८. २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन. मधला टप्पा म्हणून २०३० पर्यंत २००८ च्या तुलनेत मालाच्या मानाने ६० टक्के घट.

दुसरं, जानेवारी २०२२. निव्वळ शून्याचं वर्ष दहा वर्षं अलीकडे आणलं, २०४०. आणि २०३० पर्यंत २०२० च्या तुलनेत समुद्रावरच्या प्रत्येक कंटेनरमागे ५० टक्के घट. पूर्णपणे स्वतःच्या ताब्यातल्या टर्मिनलांवर मात्र एकूण उत्सर्जनात ७० टक्के घट. मी फळ्यावर चुकीचं लिहिलं होतं ते हे वचन.

तिसरं, फेब्रुवारी २०२४. सायन्स बेस्ड टार्गेट्स इनिशिएटिव्ह या संस्थेने मर्स्कची उद्दिष्टं तपासून मान्य केली. यात पहिल्यांदा मुख्य भाषा बदलली. २०३० पर्यंत २०२२ च्या तुलनेत कंपनीच्या स्वतःच्या इंधनाच्या एकूण उत्सर्जनात ३५ टक्के घट, आणि २०४० पर्यंत ९६ टक्के घट.

मुलांना विचारा, ५० मोठे की ३५? सगळे ओरडतील "५०!" मग हा हिशेब द्या. १०० डबे आहेत, प्रत्येकी १ टन धूर. प्रत्येकी ५० टक्के कमी केला, पण डबे २२० झाले, तर एकूण ११० टन. आणि एकूणच ३५ टक्के कमी करायचा ठरवला तर डबे कितीही होवोत, ६५ टनांच्या वर जायचं नाही. आता सांगा, कोणतं वचन जड?

मागच्या बाकावरच्या त्या मुलीने विचारलं होतं ते हेच. "प्रत्येकी" की "एकूण"? हवेला एकूणच कळतो. वातावरण काही भागाकार करत बसत नाही.

यावरून आम्ही वर्गात चार प्रश्नांचा तक्ता केला. तो आता कायमचा भिंतीवर आहे.

१) कशाच्या तुलनेत? (कोणतं वर्ष पायाचं धरलं?)
२) प्रत्येकी की एकूण?
३) कधीपर्यंत? आणि मधल्या टप्प्याला काय?
४) कोणाकोणाचा धूर धरला आणि कोण तपासणार?

चौथ्या प्रश्नावर थोडं थांबायला हवं. जगभर उत्सर्जनाचा हिशेब तीन कप्प्यांत लिहितात. पहिला कप्पा म्हणजे आपल्याच चुलीतला धूर, कंपनीने स्वतः जाळलेलं तेल. दुसरा कप्पा विकत घेतलेल्या विजेचा. तिसरा इतर सगळ्यांचा. जहाज बांधताना लागलेलं पोलाद, तेल काढण्या-शुद्ध करण्यात गेलेली ऊर्जा, बाहेरून भाड्याने घेतलेले ट्रक. आमच्या कुंपणाबाहेर डबा एका कंपनीचा, ट्रेलर दुसऱ्याचा, माल तिसऱ्याचा असतो. असा भाड्याचा ट्रेलर तिसऱ्या कप्प्यात येतो. मर्स्कच्या २०२४ च्या उद्दिष्टांत तिसऱ्या कप्प्यासाठी २०३० पर्यंत २२ टक्के आणि २०४० पर्यंत ९० टक्के घट आहे.

आणि "निव्वळ शून्य" म्हणजे? धूर अगदी शून्य नव्हे. जो थोडासा उरेल तेवढा कार्बन हवेतून काढून घ्यायचा. गळकी घागर आधी जमेल तितकी बुजवायची आणि मगच राहिलेल्या थेंबांसाठी खाली भांडं ठेवायचं. घागर न बुजवता नुसती भांडी मांडत बसलं तर त्याला काही अर्थ नाही.

५. गोबर गॅसचं जहाज

हळू चालून, मोठी जहाजं बांधून निम्म्यापर्यंत जाता येतं. शून्याकडे जायचं तर तेलच बदलायला हवं. मर्स्कने त्यासाठी मिथेनॉल निवडलं.

१४ सप्टेंबर २०२३ रोजी कोपनहेगनमध्ये "लॉरा मर्स्क" या जहाजाचं नामकरण झालं. मिथेनॉलवर चालू शकणारं हे जगातलं पहिलं कंटेनर जहाज. दक्षिण कोरियात बांधलेलं, तसं लहान, २,१०० डब्यांचं. नामकरण युरोपीय आयोगाच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायन यांनी केलं. पुढच्याच वर्षी "आने मर्स्क" हे सोळा हजारांहून जास्त डब्यांचं मोठं जहाज आलं. २०२४ मध्येच चीनमध्ये एका जुन्या मोठ्या जहाजाचं इंजिन बदलून तेही मिथेनॉलयोग्य केलं.

मुलं विचारतात, "मिथेनॉल जाळलं की धूर नाही का येत?" येतो. त्यातही कार्बन आहे. फरक समजावायला माझ्याकडे गोबर गॅसपेक्षा चांगलं उदाहरण नाही. शेणातला कार्बन गवतातून येतो आणि गवताने तो हवेतून घेतलेला असतो. गॅस जाळला की तो परत हवेत जातो. उसने घेतले, परत केले. खनिज तेलातला कार्बन मात्र कोट्यवधी वर्षं जमिनीत पुरलेला होता. तो बाहेर काढला की हवेच्या खात्यावर नवी भर पडते.

डेन्मार्कमध्ये कासो नावाच्या ठिकाणी मे २०२५ मध्ये सुरू झालेला कारखाना असंच मिथेनॉल बनवतो. सौर विजेने पाणी फोडून हायड्रोजन मिळवायचा, बायोगॅसमधून वेगळा काढलेला कार्बन डायऑक्साइड घ्यायचा आणि दोन्ही जोडायचे. लॉरा मर्स्कसाठी इंधन तिथून मिळतं. मुलांच्या आवडीची गोष्ट म्हणजे लेगो खेळण्यांची कंपनीही प्लॅस्टिक बनवण्यासाठी याच कारखान्याची गिऱ्हाईक आहे.

आता परत गणित. कारखान्याची क्षमता वर्षाला ४२,००० टन. ऐकायला मोठी. पण एक किलो मिथेनॉलमध्ये जहाजी तेलाच्या साधारण निम्मीच ऊर्जा असते. म्हणजे ते २१,००० टन तेलाइतकं झालं. मर्स्कला लागतं एक कोटी टन. भागाकार करा. असे जवळपास पावणेपाचशे कारखाने लागतील, तेही एका कंपनीसाठी आणि सगळंच मिथेनॉल तिलाच दिलं तर!

दुसरी अडचण ओळखीची आहे. मिथेनॉल नैसर्गिक वायूपासून किंवा कोळशापासूनही बनतं आणि ते स्वस्त पडतं. बाटलीवर नाव एकच, आतला कार्बन वेगळा. शिवाय ही जहाजं दुहेरी इंधनाची असतात, जुन्या तेलावरही चालतात. म्हणून "मिथेनॉलवर चालू शकणारं जहाज" आणि "हिरव्या मिथेनॉलवर चाललेलं जहाज" या दोन वाक्यांतला फरक मुलांना क्रियापदावर बोट ठेवून दाखवा. भाषेचा तास तिथेच होऊन जातो. मुळात हिरवं इंधन खूप महाग आहे. २०२४ मध्ये मर्स्कने द्रवरूप नैसर्गिक वायूवरही चालणारी जहाजं घ्यायचं ठरवलं. तोही खनिज वायूच, आणि त्यातला थोडा मिथेन न जळताच हवेत निसटतो.

६. वचन आणि वारा

२०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात हूथी बंडखोरांनी जहाजांवर हल्ले सुरू केले. ३०-३१ डिसेंबरला "मर्स्क हांग्जो" या जहाजावर हल्ला झाला. त्यानंतर कंपनीने आपली जहाजं सुएझ कालव्याऐवजी आफ्रिकेला वळसा घालून, केप ऑफ गुड होपवरून वळवली. नकाशावर हा मार्ग मुलांना दोऱ्याने मोजायला लावा. हजारो किलोमीटर जास्त, दहा-बारा दिवस जास्त. द्राक्षांना तेवढे दिवस जास्त थंडी द्यायची. जास्त अंतर म्हणजे जास्त तेल, आणि उशीर भरून काढायला वेग वाढवला की आपला घनाचा नियम उलटा लागू होतो!

वचन देणाऱ्याने प्रामाणिकपणे दिलं तरी ते पाळणं त्याच्या एकट्याच्या हातात नसतं, हे मुलांना यातून कळतं. म्हणूनच नियम लागतात. समुद्राच्या मधोमध निघालेला धूर कोणत्याच देशाच्या हिशेबात धरला जात नाही. तो आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेकडे सोपवलेला आहे. या संघटनेने जुलै २०२३ मध्ये ठरवलं की २०५० च्या सुमारास जहाजवाहतूक निव्वळ शून्यावर आणायची. एप्रिल २०२५ मध्ये, ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त धूर सोडणाऱ्या जहाजांकडून पैसे घेण्याच्या आराखड्याला प्राथमिक मान्यता मिळाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये लंडनच्या बैठकीत तो पक्का व्हायचा होता, पण निर्णय एक वर्ष पुढे ढकलला गेला.

युरोपने मात्र वाट पाहिली नाही. जानेवारी २०२४ पासून त्यांच्या बंदरात येणाऱ्या मोठ्या जहाजांना धुरासाठी परवाने घ्यावे लागतात. बाहेरून युरोपात येणाऱ्या प्रवासाचं निम्मं उत्सर्जन त्यात मोजतात. म्हणजे न्हावा-शेव्याहून थेट रॉटरडॅमला गेलेल्या जहाजाचा निम्मा धूर आता कुठेतरी पैशांत मोजला जातो.

७. वर्गात कसं घ्याल?

चार तासिका पुरतात.

पहिली तासिका: डब्याची गोष्ट आणि ४०० मीटर धाव. ज्यांच्या गावाजवळ बंदर नाही त्यांनी मुलांना घरातल्या पाच परदेशी वस्तूंची यादी करायला सांगावी.

दुसरी तासिका: एक टनाचे तीन टन आणि वेगाचा हिशेब. घन शिकवला नसेल तर ०.८ ने तीनदा गुणायला लावा, पुरे.

तिसरी तासिका: पाकिटांचा प्रयोग. खरोखर एक आठवडा वर्गातली रिकामी पाकिटं मोजा. "प्रत्येकी" आणि "एकूण" असे दोन स्तंभालेख काढा. दोन आठवड्यांनी परत मोजा. कागदावर शिकवलेलं विसरतील, स्वतः मोजलेलं विसरत नाहीत.

चौथी तासिका: चार प्रश्नांचा तक्ता वापरा. कोणतीही जाहिरात, बातमी किंवा आपल्याच शाळेचा संकल्प घ्या आणि चारही प्रश्न विचारा. आमच्या मुलांनी आमच्या वृक्षारोपणाच्या फलकाला लावले. "शंभर झाडं लावली" यावर प्रश्न आला, "आत्ता जगलेली किती?" मी गप्प. आम्ही जाऊन मोजली. किती निघाली ते इथे लिहीत नाही, पण त्या वर्षी पाणी घालायचं वेळापत्रक मुलांनी स्वतः केलं.

पालकांसाठी दोन शब्द

घरी हा विषय काढलात तर मुलांना घाबरवू नका. "पृथ्वी संपणार" म्हणून कोणी अभ्यास करत नाही. आणि "सगळ्या कंपन्या खोटारड्या" असंही शिकवू नका. ते सोपं आहे, पण त्याने मूल विचार करायचं थांबतं. मर्स्कच्या गोष्टीत खरी मेहनत आहे, खरी अडचण आहे आणि आकड्यांची निवडही आहे. तिन्ही एकत्र बघता आलं पाहिजे.

मुलाने म्हटलं, "मी रोज अर्धाच तास मोबाइल बघतो," तर हसत हसत विचारा, "प्रत्येक वेळी अर्धा तास की दिवसभरात एकूण?" बघा काय होतं ते.

आज माझ्या वर्गात असलेली दहा-अकरा वर्षांची मुलं २०४० मध्ये पंचविशीच्या आसपास असतील. कोणी बंदरावर काम करत असेल, कोणी जहाजावर, कोणी हे आकडे तपासणाऱ्या कार्यालयात. त्या वर्षी वचनाची मुदत संपेल तेव्हा हिशेब मागायला हीच मुलं असणार आहेत. तेव्हा त्यांना मी फळ्यावर लिहिलेलं ते पहिलं, चुकीचं वाक्य आठवू नये. मागच्या बाकावरून आलेला प्रश्न आठवावा.

तुमच्या वर्गात हा पाठ घेतलात तर मुलांनी विचारलेले प्रश्न मला नक्की कळवा. उत्तरं नसली तरी चालतील.